मळका एप्रन

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की शेवटची दहा मिनिटं आम्ही एखाद्या बाईची गोष्ट सांगतो. या वेळी सांगितली हेझल स्कॉटची. तीच आज तुम्हालाही सांगतो.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. लोकांचं मन रमावं म्हणून हॉलिवूड नाचगाण्यांचे विनोदी सिनेमे धडाधड काढत होतं. अमेरिका हिटलरशी लढत होती, पण तिच्याच सैन्यात काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या होत्या. पडद्यावरही तीच तऱ्हा. काळी बाई दिसली, की बहुतेक वेळा मोलकरीणच.

१९४२ मध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झटणारे वॉल्टर व्हाइट स्टुडिओवाल्यांना जाऊन भेटले, चांगल्या भूमिका मागितल्या. दार थोडं किलकिलं झालं. लीना हॉर्न या गायिकेला एका बड्या स्टुडिओने करारावर घेतलं. कपडे सुंदर, गाणं सुंदर, पण बहुतेक सिनेमांत कथेशी तिचा संबंध नाही. यायचं, गायचं, जायचं. कारण दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या प्रेक्षकांना ती नको असेल, तर तेवढा तुकडा कापता यावा! १९४३ मध्ये ‘केबिन इन द स्काय’ आणि ‘स्टॉर्मी वेदर’ हे काळ्या कलाकारांचे दोन सिनेमे आले. म्हणजे एक तर पंगत वेगळी, नाहीतर ताटावरून कधीही उठवता येईल अशी जागा.

हेझल त्रिनिदादची. जन्म १९२०चा. लहानपणीच न्यूयॉर्कला आली, पियानो वाजवण्यात नाव काढलं. मोलकरणीची भूमिका करणार नाही, हे तिचं ठरलेलं. आमच्या गटातही धुणीभांडी करणाऱ्या बाया आहेत. कामात कमीपणा नाहीच. पण प्रत्येक सिनेमात तेच दाखवलं, तर बघणाऱ्याला वाटतं, या बायांना दुसरं काही येतच नाही.

१९४३ मध्ये ‘द हीट्स ऑन’ या सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं. दृश्य असं, की काळ्या तरुणी आपल्या माणसांना लढाईवर निरोप देताहेत. हेझलच्या अंगावर लष्करी गणवेश, अगदी कडक. पण नाचणाऱ्या मुलींना एप्रन दिले, तेही मुद्दाम मळवलेले. हेझलचं म्हणणं होतं, आपला माणूस लढाईला निघालाय आणि बाई असल्या कपड्यांत त्याला निरोप देईल का? तिने काम थांबवलं. एक दिवस नाही, तीन दिवस. शेवटी एप्रन गेले आणि मुलींना चांगले कपडे मिळाले.

याची किंमत तिने मोजली. स्टुडिओचा मालक संतापला, आणि थोड्याच काळात हॉलिवूडचं दार तिला बंद झालं. पुढे १९५० मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर तिच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पण त्याच वर्षी ती कम्युनिस्टांची आहे असा संशय घेतला गेला. तिने संसदेच्या समितीपुढे जाऊन तो खोडून काढला, तरी कार्यक्रम बंद पडला.

बैठकीत ही गोष्ट संपली आणि सगळ्या गप्प झाल्या. कारण सगळ्यांनाच आपला फोटो आठवला. मागे पाहुणे आले होते. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून, हिशेबाच्या वह्या घेऊन बसल्या होत्या. पाहुणे म्हणाले, “जुन्या साड्या नेसा, डोक्यावर पाटी घ्या, म्हणजे खरं वाटेल.” बायांनी साड्या बदलल्या. वह्या बाजूला राहिल्या. आम्हा समन्वयकांच्या साडीला कोणी काही म्हटलं नाही, म्हणून आम्हीही बोललो नाही.

हेझलचाही गणवेश स्वच्छच होता. तरी ती बोलली.

पुढच्या वेळी फोटोत वह्या असतील, असं आम्ही ठरवलंय. तुमच्या गटाचा फोटो एकदा काढून बघा, मैत्रिणींनो. त्यात तुम्ही कशा दिसता, आणि तसं कोणी ठरवलं?