पत्रास कारण की

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. वऱ्हाडातल्या माणसाला त्याची ओळख सांगायला नको. रुक्मिणीचे माहेर, भीष्मक राजाची राजधानी. कार्तिकातल्या यात्रेला आणि दहीहंडीला तुमच्यापैकी कितीतरी जण जाऊन आले असतील. साठीच्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी तिथली पांढरी खणली, तेव्हा सातवाहनांच्याही आधीपासून तिथे वस्ती नांदत होती हे दिसून आले. आज मात्र मला या गावाची आठवण येते ती एका पत्रामुळे. कथा सांगते, की इथल्या मुलीने द्वारकेला पत्र धाडले.

भागवताच्या दशम स्कंधात ते पत्र अवघ्या सात श्लोकांचे आहे. मला त्याचे फार कौतुक वाटते. आधी ती मनातले सांगते, तुमचे गुण ऐकले आणि मन तुमच्या ठायी जडले म्हणून. मग सांगते की शिशुपालाशी लग्न ठरले आहे, वेळ उरलेली नाही. आणि मग, अंतःपुरातल्या मुलीला तिच्या नातेवाइकांना न मारता न्यायचे कसे, ही श्रीकृष्णाला पडणारी अडचण ती स्वतःच ओळखते आणि उपाय लिहून देते. लग्नाच्या आदल्या दिवशी कुळदेवीची मोठी यात्रा असते, नवरी नगराबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तेव्हा या. भावना, दिवस, ठिकाण, सगळे सात श्लोकांत. ते अंबिकेचे देऊळ म्हणून आजही कौंडण्यपुरात आपण हात जोडतो.

या प्रसंगाने मराठीला किती दिले! आपल्याच जिल्ह्यात रिद्धपूरला महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. एकनाथांनी 1571 मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले, आणि लग्नाच्या मुली ते घरोघर वाचू लागल्या.

त्या पत्राचे मला एवढे कौतुक, कारण माझा छंदच पत्रे लिहिण्याचा, आणि तो लागला आमच्या गल्लीतल्या आयाबायांमुळे. मला अक्षर बरे होते. ज्यांच्या लेकी दूर दिलेल्या, त्या दुपारी कार्ड घेऊन येत आणि ओसरीवर बसून सांगत. ‘लिही बाबू, पऱ्हाटी बरी हाये. गाय व्याली. तुह्या बापाचा खोकला आता कमी हाये.’ शेतीचे झाले, गुराढोरांचे झाले, सोयऱ्याधायऱ्यांचे झाले, की कार्ड भरून जाई. मग जरा थांबून, ‘अन् लिही, तुही लय याद येते. दिवाईले ये.’ त्याला जागा उरलेली नसे. कार्ड आडवे धरून मी ते समासात लिहीत असे. त्यांचे बोलणे मी शाळेच्या भाषेत कधी बदलले नाही. लेकीला आईचा आवाज ऐकायचा असे, माझे व्याकरण नव्हे. लिहून झाल्यावर पूर्ण वाचून दाखवावे लागे, आणि समासातली ओळ त्या पुन्हा एकदा वाचायला लावत.

भारतात पोस्टकार्ड आले 1879 च्या जुलैत, पाव आण्याला. आजही ते चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे. तरी आपण लिहीत नाही. फोनवर रोज बोलणे होते, ही चांगलीच गोष्ट आहे, लेकीचा चेहरा दिसतो, नातवाचा दात दिसतो. पण बोललेले त्याच दिवशी विरून जाते. आजीचा आवाज कसा होता हे आज मला सांगता येत नाही. तिने सांगितलेले आणि काकांनी लिहिलेले कार्ड मात्र माझ्यापाशी आहे, त्यात ती मला रागावते आहे. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ आज परक्या घरांतली मुलेही वाचतात. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी आणि पुण्याच्या सुनीताबाई देशपांडे यांचा स्नेह पत्रांवरच वाढला, तो आपल्याला वाचायला मिळाला कारण दोघांनी कागद जपले.

ज्यांना हा छंद धरावासा वाटेल, त्यांना थोडे सांगतो. वर गाव आणि तारीख लिहाच, वर्षासकट. तारीख नसलेले पत्र पन्नास वर्षांनी नातवाला कोडे घालते. ‘आम्ही मजेत आहोत’ एवढ्यावर भागवू नका, आज अंगणात काय चालले आहे ते लिहा. रागाचे पत्र लिहिले तर ते रात्रभर घरात राहू द्या आणि सकाळी वाचून मगच ठरवा. पत्त्यावर पिन लिहायला विसरू नका, आपल्या अकोल्या-अमरावतीकडचा 444 ने सुरू होतो. ही पिनची पद्धत आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, 15 ऑगस्ट 1972 पासून ती लागू झाली. टपाल खात्यातला हा अधिकारी संस्कृतचा कवी होता, याचा मला आनंद वाटतो. आणि घरात तारेच्या आकड्याला टोचलेली जुनी पत्रे असतील तर ती आजच काढून घ्या. गंज कागद खातो. कोरड्या पाकिटात, कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवा.

मायना काय घालावा, तीर्थरूप की प्रिय, इथेच पुष्कळांची लेखणी अडते. चांगदेवांचीही अडली होती. वयाने लहान पण ज्ञानाने थोर अशा ज्ञानदेवांना नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हे ठरेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. तेव्हा मायन्यापाशी थांबू नका.

उत्तर आले नाही तर, असेही लोक विचारतात. रुक्मिणीलाही तीच काळजी होती. पत्र घेऊन गेलेला ब्राह्मण परतला नव्हता आणि लग्नघटिका जवळ येत होती. कृष्णाने उलट पत्र लिहिलेच नव्हते. रथ जोडून तो स्वतः निघाला होता. तुमच्या पत्राला उत्तर पत्रानेच यावे असा हट्ट धरू नका. फोन आला तर घ्या, कुणी दारात येऊन उभे राहिले तर चहा ठेवा, आणि समासात लिहायचे राहिले असेल ते समोर बसून सांगा.