बसून घ्या हो, बसून घ्या!
(दहावी १९८३ च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिलाय, ‘निवृत्तीनंतरचं आरोग्य’. वर्गात डॉक्टर झालेली मंडळी असताना हा विषय एसटीच्या कंडक्टरला का दिला असेल, याचा मी बराच विचार केला. मग लक्षात आलं. डॉक्टर बोलायला उभा राहिला की माणसं आपापल्या रिपोर्टची फाइल काढतात. कंडक्टर उभा राहिला की फार तर सुटे पैसे काढतात. तेव्हा निर्धास्त बसा. बसणं हाच आज माझा विषय आहे.

चौतीस वर्षं मी उभ्याने नोकरी केली आणि बसणाऱ्यांचा अभ्यास केला. आपल्या भागात बसायला जागा मिळवण्यासाठी माणूस काय काय करतो, ते मला विचारा. गाडी स्टँडात शिरायच्या आत खिडकीतून रुमाल पडतो, टोपी पडते, भाजीची पिशवी पडते. एकदा लग्नसराईत एकाने आख्खा पोरगा आत टाकला आणि खालून ओरडला, “बठ रे भो, आडवा बठ!” एवढी धडपड माणूस उठण्यासाठी करताना मी कधीच पाहिला नाही. म्हणून मी ठरवलं की लोकांना जे मनापासून हवंय तेच शिकवावं. व्यायाम सोडून कायमचं कसं बसावं, याचा पाच धड्यांचा अभ्यासक्रम मी तयार केलाय. पी.टी.चे सर समोरच बसलेत, त्यांच्या परवानगीने सुरू करतो. जळगावची गाडी जशी एरंडोल, पारोळा घेत धुळ्याला पोहोचते, तसा मीही स्टॉप घेत घेत बोलणार. ज्यांना मधेच उतरायचं असेल त्यांनी सांगावं, विनंती थांबा आहे.

धडा पहिला, नाव. दिवसभर सोफ्यावर पडून टीव्ही पाहणाऱ्याला इंग्रजीत ‘काउच पोटॅटो’ म्हणतात, म्हणजे सोफ्यावरचा बटाटा. २००५ साली इंग्लंडमधल्या बटाटेवाल्या शेतकऱ्यांनी याविरुद्ध चक्क निदर्शनं केली, आमच्या मालाची बदनामी होते म्हणून हा शब्द डिक्शनरीतून काढा म्हणाले. आपण त्या भानगडीत कशाला पडायचं? आपल्याकडे बटाट्यापेक्षा सरस माल आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. बामणोदचं वांगं डोळ्यांसमोर आणा. हिरवट-पांढरं, गुबगुबीत, तुकतुकीत, जागचं हलत नाही. तेव्हा आपण ‘दिवाणावरचं वांगं’ म्हणू या. आता त्या वांग्याचं पुढे काय होतं, असं कुणी विचारेल. कपाशीच्या काड्यांवर भाजतात आणि मग ठेचतात. पण तो शेवटचा धडा झाला, पहिल्याच दिवशी शिकवायचा नसतो.

धडा दुसरा, ऋतुमान. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला व्यायाम टाळायला कारणं शोधावी लागतात. खान्देशात ती आभाळातून पडतात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास. सकाळी आठलाच ऊन चटके देतं, मग मेहरूण तलावावर चालायला जाणार कोण? कूलरसमोर उताणं पडावं. पावसाळ्यात आपली काळी माती चपलेला अशी चिकटते की दहा पावलांत माणूस वीतभर उंच होतो. उंची वाढली, व्यायाम झाला, घरी या. हिवाळ्यात पहाटे हुडहुडी भरते आणि रात्री शेतात भरीत पार्टी असते. पार्टीहून उशिरा आलेला माणूस पहाटे उठला, तर घरचे घाबरून डॉक्टर बोलावतील. झाले तिन्ही ऋतू. राहिलेल्या दिवसांत चालायला माझी हरकत नाही.

धडा तिसरा, शास्त्राधार. तुमचा मुलगा किंवा सून मनगटाला घड्याळ बांधून सांगेल, “बाबा, रोज दहा हजार पावलं झाली पाहिजेत.” घाबरू नका. त्यांना विचारा, हा आकडा आला कुठून? १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘दहा हजार पावलांचा मीटर’. तिथून हा आकडा जगभर पसरला. म्हणजे जाहिरातीसाठी निघालेला आकडा. एवढं सांगितलं की सूनबाई गप्प. फक्त जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते, ते तिला कळू देऊ नका. त्यांचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालावं किंवा तेवढं अंग हलवावं. रोजची बावीस मिनिटंही होत नाहीत. जळगावहून निघालेली गाडी तेवढ्या वेळात एरंडोलही गाठत नाही. इतकी सोपी अट ऐकली, तर आपली सगळी कारणं एका दिवसात बुडतील.

एरंडोलचं नाव निघालंच आहे, तर चौथा धडा तिथेच घेऊ. विषय आहार. बसलेल्या माणसाने काय खावं? वरण-बट्टी, वर तुपाची धार. शेवभाजी, वर तेलाचा तवंग. आणि खापरावरचे मांडे आले की मोजायचे नसतात. पण उठून जेवायला जाणं हाही एक व्यायामच, म्हणून जेवण जागेवर मागवावं. मोबाइलवरून घरपोच मागवण्याची ही पद्धत आजची आहे असं समजू नका. तिचा मूळपुरुष आपल्याकडचा. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या नगरीबाहेर बकासुर राहायचा. हा गृहस्थ कधी बाजारात गेला नाही, कधी चूल पेटवली नाही. रोज गाडाभर अन्न जागेवर, गाडा ओढणारे दोन रेडे जागेवर, आणि शेवटी पार्सल आणणारा माणूससुद्धा जागेवरच. इतकी सोय आजही कोणती कंपनी देत नाही. वजन वाढलं, तरी त्याला बोलायची कुणाची छाती नव्हती. एकच घोटाळा झाला. एके दिवशी पार्सल घेऊन भीम आला. आधी त्याने समोर बसून पार्सल स्वतः संपवलं, मग मालकाला.

मंडळी, भीम प्रत्येक बसलेल्याच्या घरी येतो. फक्त नाव वेगळं सांगतो. कुणाकडे शुगर म्हणून येतो, कुणाकडे बीपी म्हणून, कुणाकडे गुडघा म्हणून. आणि आल्यावर पहिलं काम तेच करतो, आपल्या पुढ्यातलं ताट ओढून घेतो. मांडे बंद, बट्टी बंद, भाताचे दोन घास. आपल्या वर्गात कुणाकुणाकडे येऊन गेलाय, ते मघाशी जेवणाच्या पंगतीत दिसलंच.

धडा पाचवा, आणि सगळ्यात अवघड. माणसं तोडा. पक्कं बसायचं असेल, तर शरीरापेक्षा ओळखी जास्त आड येतात. कुणाचं लग्न निघतं, कुणाची पंचाहत्तरी निघते, कुणी दवाखान्यात असतो, कुणाच्या दारावर जायचं असतं. प्रत्येक ठिकाणी उठावं लागतं. म्हणून आधी लांबची लग्नं सोडावी, मग गावातली. शुभेच्छा मोबाइलवर, श्रद्धांजली मोबाइलवर. दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं की दोन्ही कामं भागतात. हळूहळू लोक बोलावणं बंद करतात. मग तुम्ही, दिवाण आणि रिमोट. अभ्यासक्रम पूर्ण झाला.

हसताय. हसा. पण या मेळाव्याची जागा ग्रुपवर कळवली, तेव्हा पहिला प्रश्न काय आला होता आठवतंय? जेवायला काय आहे, असा नव्हता. कोण कोण येणार, असाही नव्हता. “हॉल तळमजल्यावर आहे ना?” शाळेच्या भिंतीवरून उडी मारून मॅटिनीला जाणाऱ्या वर्गाने हे विचारलं. आणि जिना आहे म्हटल्यावर काही जण आलेच नाहीत. ती आपली माणसं आज घरी बसून या भाषणाच्या व्हिडिओची वाट बघतायत. पाचवा धडा त्यांनी मुद्दाम गिरवला नव्हता. पहिले चार गिरवले की पाचवा आपोआप येतो.

आता कंडक्टरच्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो, कारण ती जगप्रसिद्ध आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास केला आणि १९५३ साली छापला. एकच गाडी, एकच रस्ता, एकच धूर. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करणारा. हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांना जास्त आले. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध जगाला दाखवणारा हा पहिला मोठा अभ्यास, आणि तो आमच्या खात्यातला! मॉरिस साहेब स्वतः व्यायाम करत राहिले आणि ९९ वर्षं जगले.

माझ्या जोडीला बारा वर्षं एकच ड्रायव्हर होते. हात असा की गाडी खड्ड्यातून गेली, तरी माझ्या तिकिटावरचं पंचिंग चुकायचं नाही. माझ्याआधी दोन वर्षं ते रिटायर झाले आणि घरी बसले. नोकरीत बसायचे, तेव्हा निदान गाडी पुढे जात होती. आता फक्त दिवस जातात. गेल्या दिवाळीत भाचीकडे धुळ्याला जायचं म्हणून स्टँडवर आले. ज्या गाडीचं स्टिअरिंग त्यांनी जन्मभर धरलं, तिची पहिली पायरी त्यांना चढवेना. मागून दोघांनी धरून वर घेतलं. खिडकीजवळ बसल्यावर बराच वेळ बाहेर बघत राहिले. मी त्यांना तिकीट विचारलं नाही आणि ते काही बोलले नाहीत.

आता दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. खांद्यावर हात ठेवून ते जिना उतरतात, मी खालून ओरडतो, “पारोळा, धुळे, धुळे, धुळे!” गल्लीतली पोरं हसतात, तेही हसतात. पहिल्या रविवारी आम्ही शेजारच्या ओट्यापर्यंत पोहोचलो. आता कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो. तिथे बसायला बाकडं आहे, पण त्यांनीच नियम केलाय, चहा उभ्याने प्यायचा.

सरकारने २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट केलाय. फार चांगली योजना आहे. पण गाडीची पायरी चढवून देणारी योजना अजून निघालेली नाही. ती ज्याची त्याने काढायची आहे. आपले पी.टी.चे सर आज अमळनेरहून एसटीने आले. तिकीट फुकट, पायरी स्वतःची. आपण मात्र चारचाकीतून आलो आणि उतरताना दार धरून उभे राहिलो. सर, तुमच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून झाडाखाली बसणारे सगळे आज ओळीने पुढच्या खुर्च्यांवर आहेत. शिट्टी आणली असेल तर वाजवा.

शेवटचा स्टॉप धुळे. बसण्याची गोष्ट धुळ्यावाचून पुरी होत नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, कैदी बसून ऐकायचे आणि साने गुरुजी बसून लिहून घ्यायचे. तिथून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मिळाला. बसून एवढं मोठं काम होऊ शकतं, हे मान्य. पण त्यांना इंग्रज सरकारने बसवलं होतं. पुढे १९५१ मध्ये हेच विनोबा भूदानासाठी उठले आणि तेरा वर्षं देशभर पायी फिरले. उठले, तेव्हा त्यांचं वय होतं ५५. म्हणजे आपल्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान. त्या वयात त्यांनी चालायला घेतलं, आणि आपण या वयात हप्त्यावर दिवाण घेतलाय.

देशभर फिरा असं मी म्हणत नाही. आपल्याला फुकट तिकिटाला अजून सतरा वर्षं आहेत. तेव्हा स्टँडवर भेटू या, आणि पहिली पायरी ज्याची त्याने चढू या. त्यासाठी रोजची बावीस मिनिटं पुरतात. एकट्याला कंटाळा येत असेल, तर शेजारच्या मित्राला हाक मारा. त्यालाही कुणीतरी हाक मारण्याची वाट आहे, आणि जिना उतरताना त्याला एका खांद्याची गरज आहे.

चौतीस वर्षं मी दोरी ओढली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एक घंटी ओढायला या वयात कुणीही येईल. मी दोन ओढतो.

टण टण. चला, उठा!