गर्भवतीची सापशिडी

परंपरा ज्याचा संबंध ज्ञानदेवांशी जोडते त्या मोक्षपटात सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते आणि दुर्गुणाच्या घरी साप दंश करतो. खेळता खेळता नीती शिकविण्याची ही युक्ती आपल्याकडे इतकी जुनी असल्यामुळे, गर्भवतींना प्रसूतिसमयीचे हक्क समजावून देण्यासाठी अंगणवाडीत सापशिडीचा पट अंथरावा, अशी सूचना कोणी केली तर तिचे नवल वाटू नये.

समजावून देण्याजोगे हक्कही थोडेथोडके नाहीत. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी इस्पितळातील बाळंतपण, मग ते स्वाभाविक असो वा शस्त्रक्रियेचे, विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, स्वाभाविक प्रसूतीनंतर ३ व शस्त्रक्रियेनंतर ७ दिवसांपर्यंतचा आहार आणि जाण्यायेण्याच्या वाहनाची तजवीज, यांपैकी कशाचाही आकार घेण्याची मुभा कोणास नाही. शिवाय प्रसूतिकक्षात विश्वासाची एक स्त्री सोबतीस असावी, यास केंद्र सरकारने २०१६ साली संमती दिली आहे. हे सारे फलकावर लिहिलेले असतेच. पण कळा सुरू झालेल्या बाईने फलक वाचावा, ही अपेक्षा फलक लावणारानेच करावी!

खेळात मात्र, "औषध बाहेरून आणा" अशी चिठ्ठी वाट्यास आली की काय म्हणावयाचे, ते तिला चौघींसमक्ष मोठ्याने बोलावे लागते. आणि जे वाक्य सख्यांच्या हशात एकदा तोंडातून निघाले, ते परिचारिकेपुढे उच्चारताना जीभ तितकी अडखळत नाही.

पट आखणाराने एक सावधगिरी बाळगावी. मोक्षपटातील साप खेळणाऱ्याच्याच दोषांवर बसलेले आहेत. तेच वळण येथे गिरविले, तर नोंदणीस उशीर केला म्हणून घसरली, गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून घसरली, असा सारा अपराध त्या बाईच्याच पदरात पडतो, आणि मुलगा झाला म्हणून बक्षिशी मागणारे व कळा देणारीच्या अंगावर ओरडणारे निर्दोष सुटतात. सापांची घरे या मंडळींस द्यावीत. शिड्या प्रश्न विचारण्यास आणि तक्रार गुदरण्यास. फाशाविषयीही माझे मन साशंकच आहे, कारण दान चांगले पडले म्हणून गाडी मिळाली असे शिकविणारा खेळ हक्काची रक्कम पुन्हा नशिबाच्या खाती जमा करतो. त्यापेक्षा चिठ्ठ्या बऱ्या.

आणि पटाशी एकट्या गर्भवतीस बसवू नये. कळांच्या भरात हुज्जत घालण्याचे त्राण तिच्यात नसते. तेव्हा बोलावयाचे ते सासूने, आईने किंवा नवऱ्याने. सबब पहिला डाव सासूबाईंस द्यावा, आणि पैशाचे पाकीट ज्याच्या खिशात असते त्या नवऱ्यासही, सुट्टीचा दिवस पाहून, चिठ्ठी उचलावयास लावावी.