ब्रेल-यंत्राचा पहिला धडा



लुई ब्रेल या अंध फ्रेंच मुलानें 1824 च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षीं, उठावाच्या सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. भारतीय भाषांसाठीं भारती ब्रेल 1951 मध्यें ठरली, आणि आपली बाराखडीही त्याच सहा ठिपक्यांत मावली. पाटी व टोंचणीनें ही लिपी लिहितांना कागद मागच्या बाजूनें टोंचावा लागतो. म्हणून उजवीकडून डावीकडे, उलटीं अक्षरें काढावीं लागतात. सहज उचलून नेतां येणाऱ्या आजच्या ब्रेल-यंत्रांत हा खटाटोप उरलेला नाहीं.

असें यंत्र मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या घरीं आलें, तर डोळस मंडळी मोठ्या उत्साहानें शिकणाऱ्याचें बोट धरून या कळीवरून त्या कळीवर नेऊं लागतील. हेतु चांगला, परंतु दुसऱ्यानें धरून नेलेल्या बोटाला वाट कळत नाहीं. यास्तव प्रथम यंत्र बंदच असावें, आणि शिकणाऱ्यानें त्याच्या कडा, कोपरे व कळा आपल्याच हातानें, सावकाश चांचपून पाहाव्या.

बोटांचीं ठिकाणें एकदां ठरलीं, कीं तीं बदलूं नयेत. डाव्या तर्जनीखालीं पहिला ठिपका, मधल्या बोटाखालीं दुसरा, अनामिकेखालीं तिसरा. उजवीकडे त्याच क्रमानें चौथा, पांचवा व सहावा. दोन शब्दांमधील जागा सोडणारी लांबट कळ अंगठ्यांसाठीं. अक्षराच्या साऱ्या कळा मात्र एकदम दाबावयाच्या. ‘म’साठीं 1, 3, 4, ‘आ’साठीं 3, 4, 5, ‘ल’साठीं 1, 2, 3, ‘व’साठीं 1, 2, 3, 6, आणि ‘ण’साठीं 3, 4, 5, 6. कान्यासाठीं ‘आ’चेच ठिपके येतात, म्हणून पांच वेळां कळा दाबल्या, कीं ‘मालवण’ लिहून झालें! दशावतारांतील पेटीवाला रंगभूमीकडे पाहत वाजवितो. पट्ट्यांकडे पाहण्याची गरज त्याच्या बोटांना नसते. येथेंही अभ्यास तोच.

वाचनासाठीं यंत्रावर घरांची एक ओळ असते. कांहीं लहान यंत्रांत अशीं 20 घरें असतात. घरांतील सूक्ष्म टोकें वर येतात, त्यांचें अक्षर होतें. ओळ संपतांच पुढें जाण्याची कळ दाबली, कीं त्याच जागीं पुढील मजकूर उभा राहतो. कागदावरील जाडजूड ब्रेल-ग्रंथांनीं कपाटें भरतात. येथें कित्येक पुस्तकें नखाएवढ्या पत्रीवर राहतात.

कोणी म्हणेल, मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारीं यंत्रें असतांना हा खटाटोप कशाला? ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच वाटतात. बोटाखालीं मात्र ऱ्हस्व इकाराचे 2, 4 आणि दीर्घाचे 3, 5 हे ठिपके स्पष्ट वेगळे लागतात. केवळ ऐकणाऱ्यास भाषा येते. पण शुद्ध लिहिण्यास अक्षरांशीं प्रत्यक्ष गांठ पडावी लागते.

याहून मोठी गोष्ट स्वाधीनतेची आहे. मुंबईच्या चाकरमान्यानें धाडलेला खासगी मजकूर आईनें शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावा, कीं स्वतःच्या बोटांनीं एकटीनें वाचावा? या प्रश्नाचें उत्तर ज्यास उमगलें, तो घरांत शिकणाऱ्याचा हात ओढणार नाहीं. त्याच्या शेजारीं बसून, विचारलें तेवढेंच सांगेल आणि चुकलेलें अक्षर त्याचें त्यालाच शोधूं देईल.