गाणाऱ्याच्या कानापाशी : मॉनिटर अभियंत्याचे काम

कार्यक्रम चालू असताना प्रत्येक वादकाला आणि गायकाला जे ऐकू येणे गरजेचे असते, ते त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे मॉनिटर अभियंत्याचे काम. प्रेक्षकांचा ध्वनी सांभाळणारा अभियंता मैदानाच्या मध्यावर, रंगमंचाकडे तोंड करून बसतो. मॉनिटर अभियंता रंगमंचाच्या कडेला, कलावंतांच्या नजरेच्या टप्प्यात उभा असतो. पहिल्याला एकच मिश्रण जमवायचे असते. दुसऱ्याला माणसे जितकी, तितकी मिश्रणे.

वेगळी व्यवस्था लागते याचे कारण ध्वनीच्या वेगात आहे. मोठ्या स्पीकरांची तोंडे प्रेक्षकांकडे असतात. रंगमंचावर मागे येतो तो बहुतेक खर्ज, आणि समोरून परावर्तित होऊन उशिरा आलेला आवाज. वीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. समोर 30 मीटरवर भिंत असेल, तर आवाज 60 मीटरांचा प्रवास करून सुमारे 175 मिलिसेकंदांनी परततो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत हा जवळजवळ एक-तृतीयांश मात्रेचा उशीर होतो. त्यावर विसंबून वाजवणाऱ्याची लय मागे पडत जाणारच. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 55,000 हून अधिक लोकांसमोर बीटल्स गायले, तेव्हा त्यांच्यासमोर आजच्यासारखे मॉनिटर नव्हते आणि गर्दीच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचेच गाणे नीट ऐकू येत नव्हते. पुढच्या काही वर्षांत रंगमंचावर तिरके ठेवलेले स्पीकर, म्हणजे वेज, रूढ झाले.

भोपाळच्या दक्षिणेकडचा कोलार रोड ही या कामाची कसोटी पाहणारी जागा आहे. रस्त्यालगत निवासी वसाहती, मोठे रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि विद्यापीठ आहे. अशा भागात कार्यक्रम होतात ते महाविद्यालयांच्या मैदानांवर आणि मॅरेज गार्डनमध्ये. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 खुल्या जागी ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. सवलत मिळते ती वर्षातल्या मोजक्या दिवशी आणि मध्यरात्रीपर्यंतच. रुग्णालयाभोवतीचे 100 मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येते. निवासी भागातली दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. समोरचे स्पीकर खाली आणले, की रंगमंचावरून उसळणारा आवाज उघडा पडतो. ड्रम, गिटारचे अँप्लिफायर आणि सहा वेज यांचा गोंगाट पहिल्या रांगांना मुख्य ध्वनीपेक्षा मोठा ऐकू येतो, आणि समोरच्या अभियंत्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून अशा वस्तीत प्रेक्षकांना स्पष्ट गाणे ऐकवण्याची पहिली जबाबदारी मॉनिटर अभियंत्याकडे येते. ही गोष्ट आयोजकांच्या लक्षात क्वचितच येते.

काम सुरू होते राइडरपासून. दौऱ्यावरचा बँड वाद्यांची यादी, मायक्रोफोनची यादी आणि कोण कुठे उभा राहणार याचा नकाशा आधी पाठवतो. भोपाळच्या राणी कमलापती स्थानकावर उतरणाऱ्या बँडकडे बहुधा स्वतःचे मायक्रोफोन, कानातले संच आणि पेनड्राइव्हवर साठवलेली मिक्सरची फाइल एवढेच असते; बाकी सामान स्थानिक साउंडवाल्याचे. मिक्सरचे मॉडेल वेगळे निघाले तर ती फाइल उघडत नाही, सगळे नव्याने बांधावे लागते. प्रत्येक मायक्रोफोनचा संकेत स्प्लिटरमधून दोन्ही मिक्सरकडे जातो. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात आधी अर्थिंग तपासावे लागते. गुणगुण येते म्हणून प्लगचा अर्थ तोडणे जिवावर बेतू शकते. त्यावर योग्य उपाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा.

पुढचा शत्रू फीडबॅक, साउंडवाल्यांच्या बोलीत सीटी. वेजमधला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, वाढून पुन्हा वेजमधून येतो आणि एखादी कंप्रता किंचाळू लागते. येथे भूमिती कामी येते. कार्डिऑइड मायक्रोफोन थेट मागे सर्वांत बहिरा असतो, म्हणून वेज त्याच्या बरोबर मागे ठेवतात. सुपरकार्डिऑइडचे बहिरे कोन 126 अंशांच्या आसपास असतात, म्हणून तिथे वेज बाजूला सरकवतात. उघड्या मायक्रोफोनची संख्या दुप्पट झाली, की सीटीपूर्वीची सवड साधारण 3 डेसिबलने घटते. त्यामुळे न वाजणारा मायक्रोफोन बंद ठेवणे ही सवयच लागते. तबला, हार्मोनियम आणि ड्रम एकत्र असलेल्या फ्यूजन बँडमध्ये हे सर्वांत अवघड. बायाँवरच्या मायक्रोफोनला ड्रमही ऐकू येतो, आणि तबलजीला हवा असतो तो नेमका बायाँचा घुमारा.

मिश्रण जमवताना 'चांगला आवाज' हा निकष फसवा आहे. गायकाला स्वतःचा आवाज आणि स्वराचा आधार हवा असतो. तो तानपुऱ्याचा असो वा कीबोर्डचा. ड्रमवादकाला बास आणि क्लिक, म्हणजे लय दाखवणारा ठोका, एवढे पुरते. बासवादकाला किक ड्रम लागतो. 'मला ऐकू येत नाही' अशी तक्रार आली, की नवशिका पातळी वाढवतो. जाणकार आधी त्या मिश्रणातून काय काढता येईल ते पाहतो. पातळीच्या चढाओढीत शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही.

1990 च्या दशकात कानात बसणारे संच रुळले. व्हॅन हेलनचे मॉनिटर अभियंता जेरी हार्वी यांनी 1995 मध्ये अल्टिमेट इअर्स ही कंपनी सुरू केली. या संचांनी वेज हटतात, सीटी जवळजवळ संपते आणि कोलार रोडसारख्या ठिकाणी रंगमंच शांत होतो. मात्र कान बंद झाल्याने गायकाला स्वतःचा आवाज आतून घुमल्यासारखा वाटतो आणि प्रेक्षक दूर गेल्यासारखे होतात. म्हणून रंगमंचाच्या कडेला प्रेक्षकांकडे रोखलेले मायक्रोफोन लावून त्यांचा प्रतिसाद मिश्रणात मिसळतात. बिनतारी संचांच्या कंप्रतांची आखणीही करावी लागते. 500 आणि 501 मेगाहर्ट्झचे दोन प्रेषक एकत्र चालले, तर त्यांच्या संयोगातून 499 आणि 502 वर उपद्रवी संकेत उमटतात, म्हणून समान अंतराने कंप्रता निवडू नयेत.

कार्यक्रम चालू झाल्यावर मिक्सरकडे कमी आणि कलावंतांकडे जास्त पाहावे लागते. बोट वर, बोट खाली, कानाकडे हात, एवढ्याच खुणांवर काम चालते. अनेक बँडांच्या महोत्सवात पूर्ण साउंड चेकला वेळ नसतो. मायक्रोफोन पोहोचतो का एवढी लाइन चेक होते आणि पहिल्या गाण्यात मिश्रण बसवावे लागते. कलावंत ऐकतो तेच अभियंत्याने आपल्या वेजमध्ये किंवा कानात ऐकणे आवश्यक असते, आणि त्यातच त्याच्या श्रवणाला धोका असतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेची शिफारस आठ तासांना 85 डेसिबलची आहे आणि प्रत्येक 3 डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती 15 मिनिटांवर येते. दौऱ्यावरचा अभियंता म्हणूनच स्वतःची ऐकण्याची पातळी कमीत कमी ठेवतो, दोन गाण्यांमध्ये संच काढून कानांना विश्रांती देतो आणि ठरावीक काळाने श्रवणचाचणी करून घेतो.