यंत्राची हजेरी आणि विद्यार्थ्याचा अभ्यास



वर्गात बसलेला प्रत्येक विद्यार्थी शिकत असतोच असे नाही, हे रोज हजेरीपट भरणाऱ्या शिक्षकास निराळे सांगावयास नको. विद्यापीठांना मात्र ही गोष्ट नव्याने शिकावी लागली. काही भाग वर्गात व काही संगणकावर, असे मिश्र अध्यापन सुरू झाल्यावर विद्यार्थ्याने पाठ केव्हा उघडला, किती वेळा उघडला, स्वाध्याय केव्हा पाठविला, याची नोंद यंत्र आपोआप ठेवू लागले. इतकी बारीक हजेरी हाती आल्यावर तीवरूनच अध्यापनाचे मोल ठरवावे, असा मोह होणे स्वाभाविक होते.

अमेरिकेतील इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात २००७ पासून ‘कोर्स सिग्नल्स’ नावाची योजना राबविण्यात आली. विद्यार्थ्याचे गुण, त्याची पूर्वीची प्रगती व सहाध्यायांच्या मानाने त्याने केलेला संगणकीय पाठांचा वापर यांचा हिशेब करून त्यास तांबडा, पिवळा वा हिरवा दिवा दाखविला जाई. तांबडा दिवा दिसताच अध्यापकाने त्यास संदेश धाडावा, भेटीस बोलवावे, अशी अपेक्षा असे. कल्पना चांगलीच होती.

पुढे असे प्रसिद्ध झाले की, या योजनेतील दोन किंवा अधिक अभ्यासक्रम घेतलेले विद्यार्थी विद्यापीठात अधिक प्रमाणात टिकून राहतात. २०१३ मध्ये माइक कॉलफील्ड यांनी शंका काढली: दोन अभ्यासक्रम घेतले म्हणून विद्यार्थी टिकला, की टिकला म्हणून त्याच्या वाट्यास दोन अभ्यासक्रम आले? पहिल्या वर्षीच निघून गेलेल्यास दुसरा घेण्याची संधी फारशी नव्हती. प्रत्येक सहामाहीस मुलांना एकेक लाडू वाटला, तर चौथीपर्यंत राहिलेल्या मुलाच्या नावावर अधिक लाडू निघतील. म्हणून गळती लाडवांनी थांबली, असे कोणी म्हणत नाही. आल्फ्रेड एसा यांनी तर काल्पनिक विद्यार्थ्यांची मांडणी संगणकावर करून, केवळ योगायोगाने वाटणी केली तरी तसाच लाभ कागदावर उमटतो, हे दाखविले. योजना निरुपयोगी होती असा याचा अर्थ नव्हे. तिचा उपयोग त्या आकड्यांनी सिद्ध होत नव्हता, इतकेच.

नोंदीचा दुसरा दोष अधिक साधा आहे. पाठ एकदाच उतरवून घेऊन घरी चार वेळा वाचणारा विद्यार्थी यंत्रास आळशी दिसतो, आणि पान उघडे ठेवून चहास गेलेला उद्योगी! वर्गात झालेले शंकानिरसन तर त्या वहीत येतच नाही.

२०२० मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण ‘दीक्षा’वर आले, तेव्हा शिक्षकांच्या नावेही अशाच नोंदी झाल्या. पाठ पुरा झाल्याची खूण तेथे मिळते. त्यातील कोणती कृती वर्गात करून पाहिली, हे मात्र वर्गात जाऊनच कळते.

तथापि ज्याची नोंद सलग आठ दिवस कोरी आहे, त्याची चौकशी त्याच दिवशी करावी. कदाचित घरातील एकच फोन वडील कामावर नेत असतील, किंवा शेतात लावणी चालू असेल.