विंडोलांडाच्या चिठ्ठ्या



रोमन म्हटलं की आपल्याला सीझर आठवतो, नीरो आठवतो, फार तर कोलोसियम. ज्यांना या लोकांची खरी ओळख करून घ्यायची असेल, त्यांना मी आज वेगळी वाट सुचवणार आहे. ती रोममधून जात नाही, तर उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा नावाच्या लष्करी ठाण्यातून जाते.

१९७३ साली पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना तिथल्या उत्खननात लाकडाच्या ढलप्यांसारखं काहीतरी सापडलं. दोन पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटले होते. ते सुटे केले, तर आत शाईची अक्षरं! पण हवा लागताच ती दिसेनाशी झाली आणि पुढे इन्फ्रारेड छायाचित्रांतूनच वाचता आली. जुनं ठाणं पाडायचं, त्यावर माती टाकून नवं उभारायचं, असं तिथं पुन्हा पुन्हा घडलं होतं. खालच्या ओल्या थरांत हवा शिरली नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही. पोस्टकार्डाएवढ्या अशा शेकडो पट्ट्या आजवर मिळाल्या आहेत. बहुतेक इसवी सन १००च्या आसपासच्या, म्हणजे सम्राट हेड्रियनची भिंत बांधण्याआधीच्या.

त्यातली एक आहे १८ मेची हजेरी. तुंग्रियन पलटणीच्या पटावर माणसं ७५२, त्यांतली ४५६ बाहेरगावी कामगिरीवर. ठाण्यात उरले २९६. त्यांतले १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. म्हणजे लढायला उभे राहतील असे २६५. रोमन सैन्याच्या पराक्रमाची वर्णनं मी पुष्कळ वाचली आहेत, पण ते सैन्य चालत कसं होतं, हे या हजेरीनं मला जास्त समजावलं. साम्राज्याच्या टोकाशी, पावसापाण्यात, कोणीतरी आजाऱ्यांचीसुद्धा वर्गवारी करून ठेवत होतं.

आणि हे तुंग्रियन कोण? आजच्या बेल्जियमकडचे. याच ठाण्यात राहिलेले त्यांच्या शेजारचे बटावियन आजच्या नेदरलँड्समधले. यांतल्या बहुतेकांनी रोम शहर पाहिलंही नसेल. लॅटिन त्यांची मातृभाषा नव्हती, ती शिकूनच यायची. एका पट्टीवर व्हर्जिलच्या महाकाव्यातली ओळ गिरवलेली आहे, बहुधा ठाणेदाराच्या घरातल्या मुलानं. पुढे दुसऱ्या हातानं काही अक्षरं लिहिली आहेत. तो ‘ढिसाळ’ असा गुरुजींचा शेरा असावा, असं अभ्यासक म्हणतात. रोमन कसं व्हायचं, ते तिथं असं घरात बसून शिकवलं जात होतं.

सगळ्यांत मोलाची चिठ्ठी मात्र एका बाईची आहे. क्लॉडिया सेव्हेरा ही दुसऱ्या एका सेनाधिकाऱ्याची बायको. ११ सप्टेंबरला तिचा वाढदिवस. विंडोलांडाचा ठाणेदार सेरियालिस, त्याची बायको सुल्पिसिया लेपिडिना हिला ती आग्रहाचं बोलावणं धाडते: तू आलीस तरच दिवस आनंदाचा होईल. मजकूर लेखनिकाच्या सुबक अक्षरात आहे. शेवटी मात्र तिनं स्वतः बोरू हाती घेतला, आणि ‘ताई’, ‘जिवाची’ अशा शब्दांत निरोप लिहिला. अक्षर सराव नसलेल्या हाताचं. बाईच्या हातचं जे सर्वांत जुनं लॅटिन आज आपल्यापाशी आहे, त्यात या ओळी मोडतात. ‘रोमन स्त्री’ या विषयावर बोलणाऱ्यानं आधी त्या पाहाव्यात, असं मला मनापासून वाटतं. या पट्ट्यांची छायाचित्रं आणि त्यांची इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात.

मूळ पट्ट्यांपैकी बऱ्याच ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खोदकाम अजून चालू आहे आणि दर उन्हाळ्यात हौशी स्वयंसेवकही त्याला हातभार लावतात. त्यातून जुनी ओळखीची माणसंही पुन्हा भेटतात. मास्क्लस नावाचा घोडदळाचा एक नायक पूर्वीच्या एका चिठ्ठीमुळे अभ्यासकांच्या ओळखीचा होता. उद्या आम्ही सगळ्यांनी परतायचं की निम्म्यांनीच, असं तो सेरियालिसला विचारतो आणि माणसांजवळची बिअर संपली आहे, पाठवून द्यावी, असंही कळवतो. २०१७ साली आणखी २५ पट्ट्यांचा साठा हाती लागला. त्यात पुन्हा मास्क्लसची चिठ्ठी निघाली. या वेळी त्यानं रजा मागितली आहे.